नाताळ : ख्रिस्ती श्रद्धेत या सणाचा नेमका अर्थ काय?

मेषपाल (धागाकर्ता)

डिसेंबर उजाडला की नाताळाविषयी दोन प्रकारचे लेखन हमखास वाचायला मिळते. एका प्रकारात बाजाराने सण गिळून टाकल्याची खंत असते, तर दुसऱ्या प्रकारात नाताळ म्हणजे प्रेम, शांती, क्षमा आणि देण्यातला आनंद असा कोणालाही पटेल असा संदेश असतो. पहिली तक्रार खोटी नाही, पण ती करून झाल्यावर सणाच्या अर्थाबद्दल एक अक्षरही सांगून झालेले नसते. दुसरा संदेश चांगलाच आहे. मात्र तो देण्यासाठी येशूच्या जन्माची गरज पडत नाही, कोणताही भला माणूस वर्षाच्या कोणत्याही दिवशी तो देऊ शकतो. ख्रिस्ती श्रद्धा या दिवशी जे म्हणते ते याहून पुष्कळ विचित्र आहे, आणि ते विचित्रपण सौम्य करून सांगण्याची सवय आम्हा श्रद्धावंतांनाच लागली आहे असे माझे मत झाले आहे. म्हणून हा धागा.

श्रद्धेचे म्हणणे थोडक्यात असे, की ज्याने सर्व काही निर्माण केले तो देव एका ठरावीक काळी, एका ठरावीक स्त्रीच्या उदरी, माणूस म्हणून जन्माला आला. त्याने माणसाचे रूप पांघरले नाही, तो माणूस झाला. त्याला भूक लागली, तो थकला, रडला आणि शेवटी मेला. या घटनेला देहधारण म्हणतात, आणि माझ्या समजुतीप्रमाणे नाताळ हा मुळात देहधारणाचा सण आहे. बाळाचा जन्मदिवस हा त्याचा केवळ बाहेरचा आकार आहे.

असे म्हणायला पवित्र शास्त्रातच आधार आहे. येशूचे चरित्र सांगणाऱ्या चार शुभवर्तमानांपैकी (मत्तय, मार्क, लूक, योहान) मार्क जन्माबद्दल चकार शब्द काढत नाही. त्याचा येशू थेट प्रौढ वयात, यार्देन नदीवर बाप्तिस्मा घ्यायला आलेला दिसतो. योहानाकडे गव्हाण नाही, मेंढपाळ नाहीत, तारा नाही. तो आरंभापासून देवाबरोबर असलेल्या शब्दाविषयी, म्हणजे ख्रिस्ताविषयी, बोलतो आणि तो शब्द देही झाला असे सांगतो. प्रेषित पौलाची पत्रे शुभवर्तमानांच्याही आधीची मानली जातात, आणि त्यांत जन्माचा उल्लेख गलतीकरांस लिहिलेल्या पत्राच्या चौथ्या अध्यायात, 'स्त्रीपासून जन्मलेला' अशा एखाद्या ओझरत्या शब्दावरच आटोपतो. जन्माच्या कथा फक्त मत्तय आणि लूक यांच्याकडे आहेत. म्हणजे पहिल्या पिढीतल्या श्रद्धावंतांनी आधी वधस्तंभ आणि पुनरुत्थान यांची घोषणा केली, आणि तेथून मागे वळून जन्माकडे पाहिले. आपण मात्र हा क्रम उलटा लावतो आणि गव्हाणीपाशी पोचून तेथेच थांबतो.

पौलानेच फिलिप्पैकरांस लिहिलेल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात एक स्तोत्रासारखा उतारा आहे. देवाच्या स्वरूपाचा असूनही ख्रिस्ताने देवाच्या बरोबरीचे स्थान घट्ट धरून ठेवले नाही, त्याने स्वतःला रिक्त केले, दासाचे रूप घेतले आणि तो मरणापर्यंत, तेही वधस्तंभावरच्या मरणापर्यंत, आज्ञाधारक राहिला, असा त्याचा आशय आहे. या उताऱ्यात जन्म आणि वधस्तंभ हे एकाच उतरण्याचे दोन टप्पे आहेत. लूकही आपल्या पद्धतीने तेच सांगतो. त्याच्या दुसऱ्या अध्यायात गव्हाणीचा उल्लेख तीनदा येतो, आणि देवदूत मेंढपाळांना जी खूण देतो ती पाहण्यासारखी आहे : बाळंत्याने गुंडाळलेले आणि गव्हाणीत ठेवलेले एक बालक. तारणाऱ्याची ओळख पटावी म्हणून दिलेल्या खुणेत तेजोवलय नाही, चमत्कार नाही. जनावरांच्या चाऱ्याची जागा तेवढी आहे. पुढे याच अध्यायात मरीया आणि योसेफ मंदिरात जातात तेव्हा होल्यांची जोडी किंवा पारव्यांची दोन पिल्ले या अर्पणाचा उल्लेख येतो. लेवीय पुस्तकाच्या बाराव्या अध्यायानुसार ज्या स्त्रीला कोकरू परवडत नाही तिच्यासाठी ही सवलत होती. हे कुटुंब गरीब होते असे लूक कोठेही थेट म्हणत नाही, पण नियम ठाऊक असलेल्या वाचकाला ते वेगळे सांगावे लागत नाही.

देव दुबळा झाला, आणि ते दुबळेपण त्याने स्वतःहून पत्करले, हे नाताळाचे केंद्र आहे असे मी मानतो. सहमती, असहमती, दुरुस्ती, सर्वांचे स्वागत आहे. बाजाराच्या तक्रारीसाठी कृपया वेगळा धागा काढावा.

---

तर्ककुटी

मी श्रद्धावंत नाही, पण प्रस्तावना आवडली. एक मूलभूत शंका आधी मांडतो. ज्या तारखेला हा सण साजरा होतो तीच जर उसनी असेल, तर त्याचा 'खरा अर्थ' शोधणे कितपत योग्य आहे? सम्राट ऑरेलियनने इ.स. २७४ मध्ये रोममध्ये अजिंक्य सूर्याचे मंदिर अर्पण केले. २५ डिसेंबर हा त्या सूर्याचा जन्मदिवस होता आणि चर्चने तोच दिवस उचलून त्यावर येशूचे नाव चिकटवले, असे बहुतेक ठिकाणी वाचायला मिळते. बायबलमध्ये तर तारीखच नाही. मग हा सण मुळात ऋतुबदलाचा आणि अर्थ मागाहून जोडलेला, असे का म्हणू नये?

---

जुनी_पोथी

तर्ककुटी, बायबलमध्ये तारीख नाही हे निर्विवाद आहे. मात्र उसनवारीची गोष्ट सांगितली जाते तितकी पक्की नाही.

२५ डिसेंबरला ख्रिस्ताचा जन्म नोंदवणारा सर्वात जुना निःसंदिग्ध दस्तऐवज म्हणजे इ.स. ३५४ मध्ये रोममध्ये तयार झालेला एक पंचांगवजा संग्रह. त्यातली संबंधित यादी इ.स. ३३६ च्या सुमाराची मानली जाते. गंमत अशी, की २५ डिसेंबर हा अजिंक्य सूर्याचा जन्मदिवस असल्याची नोंदही याच संग्रहात सापडते. ऑरेलियनने मंदिर अर्पण केले हे खरे; पण ते याच दिवशी केले असे सांगणारा समकालीन पुरावा नाही. त्यामुळे कोणी कोणाचा दिवस घेतला हे ठामपणे सांगणे अवघड आहे.

दुसरी उपपत्ती गणिताची आहे. इ.स. २०० च्या आसपास तेर्तुलियन या ख्रिस्ती लेखकाने येशूच्या मृत्यूची तारीख २५ मार्च दिली आहे. ज्या दिवशी त्याचा मृत्यू झाला त्याच दिवशी त्याची गर्भधारणा झाली होती, अशी एक समजूत प्राचीन ख्रिस्ती लेखनात आढळते. धर्मशास्त्री ऑगस्टीनने ती आपल्या त्रैक्यावरच्या (पिता, पुत्र, पवित्र आत्मा असा एकच देव या शिकवणीवरच्या) ग्रंथात नोंदवली आहे. २५ मार्चपासून नऊ महिने मोजले की २५ डिसेंबर येतो. पूर्वेकडे मृत्यूची तारीख ६ एप्रिल धरली जात असे, आणि तेथे जन्माचा सण ६ जानेवारीला होता. आर्मेनियन अपोस्टोलिक चर्च आजही त्याच दिवशी तो पाळते. इतिहासकारांमध्ये दोन्ही उपपत्तींचे समर्थक आहेत. माझा कल गणिताकडे आहे, आणि कारण या धाग्याशी जोडलेले आहे : ही समजूत खरी असेल तर नाताळाची तारीखच मुळी वधस्तंभाच्या तारखेवरून निघालेली ठरते.

सुरुवातीच्या ख्रिस्ती लोकांना जन्मदिवसाचे आकर्षण नव्हते, हेही येथे नोंदवतो. तिसऱ्या शतकातल्या ओरिगेनने तर शास्त्रात आपला जन्मदिवस साजरा करणारे फारो आणि हेरोद (नाताळाच्या कथेतल्या हेरोद राजाचा त्याच नावाचा मुलगा) यांच्यासारखे पापी लोकच दिसतात, असा शेरा मारला आहे.

आणखी एक. 'नाताळातून ख्रिस्त हरवला' असे आज म्हणतात, पण एके काळी प्युरिटन म्हणवल्या जाणाऱ्या कडव्या ख्रिस्ती लोकांनी ख्रिस्तासाठीच नाताळ काढून टाकला होता. शास्त्रात आज्ञा नाही आणि लोक त्या नावाखाली धिंगाणा घालतात, या कारणांनी इंग्लंडच्या पार्लमेंटने १६४७ मध्ये हा सण रद्द केला. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स वसाहतीत १६५९ पासून १६८१ पर्यंत तो पाळणाऱ्याला पाच शिलिंग दंड होता. प्युरिटन लोकांचा उपाय मला पटत नाही, पण सणाला अर्थाच्या कसोटीवर घासून पाहण्याची त्यांची हिंमत आजच्या तक्रारखोरांत दिसत नाही.

---

मेषपाल

तारखेविषयी यापेक्षा चांगले मला लिहिता आले नसते. एवढीच भर घालतो, की २५ डिसेंबर ही प्रत्यक्ष जन्मतारीख आहे असे मानणे हा श्रद्धेचा भाग कधीच नव्हता. काही ऑर्थोडॉक्स मंडळ्या ज्यूलियन पंचांगाप्रमाणे ७ जानेवारीला हा सण करतात, कारण ते पंचांग आता तेरा दिवसांनी मागे आहे. त्यामुळे त्यांचा नाताळ कमी खरा ठरत नाही.

---

सारंगी

मी हिंदू घरात वाढले, त्यामुळे माझा प्रश्न थोडा वेगळा आहे. देव मनुष्यरूपात येतो ही कल्पना आपल्या वाचकांना नवी नाही. धर्माला ग्लानी आली की मी जन्म घेतो असे भगवद्गीतेच्या चौथ्या अध्यायात श्रीकृष्ण सांगतात. मग देहधारणात 'विचित्र' असे काय आहे? शिवाय, तारण जर वधस्तंभावर झाले असेल, तर जन्माला इतके महत्त्व कशासाठी? देव थेट प्रौढ माणूस म्हणून प्रकट झाला असता तर काय बिघडले असते?

---

मेषपाल

सारंगी, दोन्ही प्रश्न महत्त्वाचे आहेत. तुलनेने कोणाला कमी लेखायचे नाही हे आधी स्पष्ट करतो.

गीतेतले वचन युगायुगांत पुन्हा पुन्हा होणाऱ्या प्रकटीकरणाबद्दल आहे. ख्रिस्ती श्रद्धेत देहधारण एकदाच घडले आणि ते मागे घेतले गेले नाही. पुनरुत्थानानंतर येशू थोमाला हाताच्या जखमा दाखवतो, त्या पुसल्या गेलेल्या नाहीत. आणि स्वर्गारोहणानंतरही ख्रिस्त माणूसच आहे असे चर्च शिकवते. कार्य झाल्यावर उतरवून ठेवायचा तो देह नव्हता. मला यातली सर्वात धक्कादायक बाजू हीच वाटते, की देवाने मनुष्यत्व कायमचे आपलेसे केले. यावरचा वाद चर्चमध्ये कित्येक पिढ्या चालला. येशू ही देवाची सर्वश्रेष्ठ निर्मिती आहे, स्वतः देव नव्हे, असे आरियसचे मत होते, ते इ.स. ३२५ च्या नायसिया परिषदेने नाकारले. इ.स. ४५१ च्या खाल्केदोन परिषदेने तो पूर्ण देव आणि पूर्ण मनुष्य आहे, आणि हे दोन स्वभाव एकमेकांत मिसळतही नाहीत व वेगळेही होत नाहीत, असे सूत्र मांडले. हे 'कसे' घडते याचे स्पष्टीकरण त्या सूत्रात नाही. कोणत्या बाजूला पाय घसरतो तेवढे त्यात सांगितले आहे.

आता जन्म कशाला हवा? देव माणसासारखा दिसला, पण खरोखर माणूस झाला नाही, असे मानणारा पंथ फार लवकर निर्माण झाला होता. दुसऱ्या शतकाच्या प्रारंभी अंत्युखिया शहराचा बिशप इग्नाशियस रोमकडे मृत्युदंडासाठी नेला जात असताना लिहिलेल्या पत्रांतून या मताशी झुंजतो : येशू खरोखर जन्मला, त्याने खरोखर खाल्ले-प्यायले, तो खरोखर मेला. 'खरोखर' हा शब्द तो हट्टाने पुन्हा पुन्हा वापरतो. ज्या माणसाला स्वतःच्या शरीराचे तुकडे होणार हे ठाऊक आहे, त्याला आभासी शरीराचा तारणारा कसा चालेल? चौथ्या शतकातल्या नाझियान्झसच्या ग्रेगरीने हाच मुद्दा सूत्रात बांधला. जे धारण केले गेले नाही ते बरे झाले नाही, असा त्याचा भावार्थ आहे. प्रौढ येशू आकाशातून उतरला असता तर गर्भवास, बाळपण, परावलंबन, दुसऱ्याच्या हातून भरवून घेणे, बोलायला शिकणे हे सारे मानवी आयुष्य त्या तारणाच्या बाहेर राहिले असते.

---

पहाटवारा

या उत्तराला पुरवणी. देव माणूस का झाला, यावर खुद्द चर्चमध्येही एकमत नाही. अकराव्या शतकाच्या अखेरीस अँसेल्मने याच प्रश्नावर एक पूर्ण ग्रंथ लिहिला. पापाचे ऋण माणसाचे आहे पण ते फेडण्याचे सामर्थ्य फक्त देवाकडे आहे, म्हणून फेडणारा देव आणि माणूस दोन्ही असावा लागतो, असा त्याचा युक्तिवाद आहे. त्यानंतर सुमारे दोनशे वर्षांनी डन्स स्कोटसने म्हटले, की माणसाने पाप केले नसते तरीही देव माणूस झाला असता, कारण देहधारण हे बिघडलेल्या कामाची दुरुस्ती नसून प्रीतीचा मूळ संकल्प आहे.

मला स्कोटस जवळचा वाटतो. अँसेल्मच्या चौकटीत गव्हाण ही वधस्तंभाकडे जाणारी वाट राहते. स्कोटसच्या चौकटीत देवाला माणसाच्या सहवासाचीच ओढ होती, आणि मत्तयाने यशयाच्या भविष्यवाणीतून घेतलेल्या इम्मानुएल, म्हणजे 'आम्हांबरोबर देव', या नावाला पूर्ण वजन येते. मेषपाल यांनी जन्माला वधस्तंभाशी इतके घट्ट बांधले आहे की या दुसऱ्या शक्यतेला जागा उरत नाही, अशी माझी तक्रार आहे.

---

मेषपाल

तक्रार मान्य, निष्कर्ष अमान्य. 'पाप घडले नसते तर' हा प्रश्न विचार म्हणून सुंदर आहे, पण शास्त्रातले नाताळ ज्या जगात घडते त्यात पाप घडलेले आहे. मत्तयात देवदूत योसेफाला बाळाचे नाव येशू ठेवायला सांगतो ते तो आपल्या लोकांना पापांपासून तारील म्हणून. इम्मानुएल हे नाव त्यानंतर दोनच ओव्यांनी येते. दोन्ही नावे मत्तयाने शेजारी ठेवली आहेत. मी पहिल्याकडे झुकतो, आपण दुसऱ्याकडे.

---

तर्ककुटी

चर्चा रंगते आहे, पण पाया तपासू या. मत्तयाप्रमाणे येशू हेरोद राजाच्या हयातीत जन्मला. हेरोदाचा मृत्यू बहुतेक इतिहासकार इ.स.पूर्व ४ मध्ये मानतात. लूक जन्माचा संबंध सीरियाचा रोमन सुभेदार क्विरिनियस याच्या काळातल्या नावनिशीशी (जनगणनेशी) जोडतो, आणि पहिल्या शतकातला यहुदी इतिहासकार जोसेफस याच्या वृत्तांतावरून ती इ.स. ६ मधली ठरते. सुमारे दहा वर्षांची तफावत आहे. मत्तयात कुटुंब मिसर देशात पळून जाते, लूकमध्ये ते मंदिरातले विधी आटोपून नासरेथास परततात. मत्तयात मागी (ताऱ्यामागून आलेले पूर्वेकडचे ज्ञानी) आहेत, लूकमध्ये मेंढपाळ. ज्या घटनेचे दोन साक्षीदार इतके वेगळे बोलतात, तिच्यावर एवढा मोठा अर्थ कसा उभारायचा?

---

जुनी_पोथी

तफावत आहे, आणि ती झाकण्यात अर्थ नाही. नावनिशीचा मेळ घालण्याचे अनेक प्रयत्न झाले आहेत. त्यांतला एकही मला समाधानकारक वाटत नाही. (येशूचा जन्म 'ख्रिस्तपूर्व' काळात कसा, असे कोणी विचारण्याआधीच सांगतो : ही कालगणना सहाव्या शतकात डायोनिसियस नावाच्या साधूने बसवली आणि तिच्यात काही वर्षांची चूक राहिली.) मागी तीन होते असेही मत्तय म्हणत नाही, भेटी तीन होत्या. बैल आणि गाढव तर दोन्ही कथांत नाहीत. ते यशयाच्या पहिल्या अध्यायातल्या एका वचनावरून आणि नंतरच्या लेखनातून आले, आणि १२२३ मध्ये असिसीच्या फ्रान्सिसने ग्रेचियो येथे जिवंत जनावरांसह गव्हाण मांडली तेव्हापासून लोकांच्या मनात कायमचे ठसले.

पण लूकने नावनिशी का आणली हे पाहिले तर त्याच्या लेखनाचा रोख कळतो. रोमन साम्राज्याच्या आशिया प्रांतात (आजच्या तुर्कस्तानात) प्रियेने येथे इ.स.पूर्व ९ मधला एक शिलालेख सापडला आहे. त्यात ऑगस्टस सम्राटाला तारणारा म्हटले आहे आणि त्याचा जन्मदिवस हा जगासाठी शुभवर्तमानाचा आरंभ असल्याचे सांगून वर्षाची सुरुवातच त्या दिवसापासून करण्याचा ठराव आहे. आता लूकचा दुसरा अध्याय वाचा. तो ऑगस्टसच्या हुकमाने उघडतो. साऱ्या जगाची मोजणी करणारा सम्राट एका ओळीत येतो आणि जातो. मग देवदूत मेंढपाळांना सांगतो, की मोठ्या आनंदाचे शुभवर्तमान आहे, तुमच्यासाठी तारणारा जन्मला आहे. तारणारा, शुभवर्तमान, जगाला शांती ही सगळी सम्राटाची बिरुदे लूकने गव्हाणीतल्या मुलाला दिली आहेत. त्या काळच्या वाचकाला यातला राजकीय धारदारपणा लगेच जाणवला असणार. साल चुकले असेल, पण आपण कोणाविरुद्ध कोणाला उभे करतो आहोत हे लूकला पक्के ठाऊक होते.

आपल्या प्रश्नाचे हे पूर्ण उत्तर नाही हे मी जाणतो. कुमारीच्या उदरी, बेथलेहेमात, हेरोदाच्या काळी, नासरेथात वाढलेला, एवढे मुद्दे एकमेकांची नक्कल न करणाऱ्या दोन कथांत सारखे आहेत. त्यापलीकडे इतिहासाची पद्धत देहधारण सिद्धही करू शकत नाही आणि खोडूनही काढू शकत नाही.

---

अनामिका२

हा धागा पहिल्यापासून वाचते आहे. ज्याबद्दल कोणीच बोलले नाही ते मला विचारायचे आहे. मत्तयाच्या दुसऱ्या अध्यायात हेरोद बेथलेहेम आणि आसपासची दोन वर्षांची व त्याहून लहान सर्व मुले मारून टाकतो. देवदूत योसेफाला स्वप्नात सावध करतो, इतर बापांना करत नाही. ज्या रात्री एक बाळ वाचले, त्या रात्री इतर बाळांच्या आया काय करत होत्या? 'देव आमच्याबरोबर' हे वाक्य त्या घरांत जाऊन कोणी कसे म्हणावे? नाताळाच्या गोड गोष्टींत हे पान वगळले जाते, आणि ते का वगळतात हे मला समजते.

---

तर्ककुटी

या हत्येचा उल्लेख जोसेफसकडे नाही, हे नोंदवून ठेवतो. हेरोदाने स्वतःचे तीन मुलगे मारवले हे तो सविस्तर सांगतो, पण बेथलेहेमविषयी गप्प आहे. अर्थात, आपला प्रश्न घटना घडली की नाही यावर अवलंबून नाही, हेही खरे.

---

मेषपाल

अनामिका२, या प्रश्नाला माझ्याकडे समाधानकारक उत्तर नाही, आणि ज्यांच्याकडे ते तयार असते त्यांच्यापासून मी दूर राहतो. काही गोष्टी मात्र सांगाव्याशा वाटतात.

मत्तयानेही उत्तर दिलेले नाही. तो यिर्मयाचे एक वचन उद्धृत करतो : राहेल, इस्राएलाची पूर्वमाता, आपल्या मुलांसाठी रडत आहे आणि ती सांत्वन पावत नाही. तिने सांत्वन स्वीकारावे असे तो म्हणत नाही, यातून काही चांगले निघाले असेही म्हणत नाही. तिचे रडणे तो शुभवर्तमानात तसेच राहू देतो. हे पान वगळणारे आपण आहोत, मत्तय नव्हे. आणि चर्चच्या जुन्या पंचांगानेही ते वगळलेले नाही : पश्चिमेकडच्या परंपरेत नाताळाच्या दुसऱ्याच दिवशी, २६ डिसेंबरला, दगडमार होऊन मेलेल्या स्तेफनाचे स्मरण असते, आणि २८ डिसेंबरला या निरपराध बालकांचे. ज्याने हे दिवस असे लागून ठेवले त्याला नाताळ गोड करायचा नव्हता.

दुसरे असे, की वाचलेले बाळ कायमचे वाचले नाही. सुमारे तीस वर्षांनी तेही सत्तेच्याच हातून मारले गेले, आणि त्या वेळी स्वप्नात येऊन सावध करणारे कोणी नव्हते. शिमोन नावाचा भक्त मंदिरात मरीयेला सांगतो, की तुझ्या जिवातूनही तलवार भोसकून जाईल. बेथलेहेमच्या आयांपासून मरीया वेगळी राहिली ती थोडाच काळ. पूर्वेकडच्या चर्चच्या नाताळाच्या चित्रांत बाळ काळोख्या गुहेत असते, त्याची बाळंती प्रेतवस्त्रांसारखी गुंडाळलेली असतात आणि गव्हाण बहुधा दगडी शवपेटीसारखी दिसते. ज्यांनी अशी चित्रे काढली त्यांना सण कळला होता असे मला वाटते.

'देव आमच्याबरोबर' याचा अर्थ देवाने सर्वांना वाचवले असा मत्तय लावत नाही. जे वाचत नाहीत त्यांच्या बाजूला देव जाऊन बसला, एवढाच अर्थ मला त्यातून घेता येतो. तो त्या आयांना पुरेसा वाटला असता का, हे मी त्यांच्या वतीने सांगू शकत नाही.

---

अनामिका२

पुरेसा नाही. पण प्रश्न टाळला नाही म्हणून आभार.

---

पहाटवारा

आगमनकाळाचा उल्लेख अजून झाला नाही, म्हणून थोडक्यात. नाताळाआधीच्या चार रविवारांचा हा काळ पाश्चात्त्य परंपरेत जांभळ्या वस्त्रांचा, म्हणजे पश्चात्तापाचा असतो. पूर्वेकडे नाताळाआधी चाळीस दिवसांचा उपवास असतो. या काळातली वाचने बाळाविषयी कमी आणि ख्रिस्ताच्या दुसऱ्या येण्याविषयी व न्यायाविषयी जास्त असतात. बाप्तिस्मा देणारा योहान तर लोकांना सापाची पिल्ले म्हणतो. मरीयेचे जे गीत लूकच्या पहिल्या अध्यायात आहे ते याच सुराचे आहे : देवाने अधिपतींना सिंहासनांवरून ओढून काढले, दीनांना उंच केले, भुकेल्यांना उत्तम पदार्थांनी तृप्त केले आणि धनवानांना रिकाम्या हातांनी लावून दिले. हे गीत शांत आवाजात म्हटले जाते म्हणून ते मवाळ आहे असा गैरसमज होतो.

मेषपाल, आपण सुरुवातीला 'प्रेम आणि देणे' हा संदेश जरा झटकूनच टाकलात. मरीयेच्या गीतात देणे आहेच, फक्त त्याची दिशा ठरलेली आहे, आणि त्यात कोणाच्या तरी हातून काहीतरी काढूनही घेतले जाते.

---

मेषपाल

येथे मी पूर्ण सहमत आहे. माझा रोख देण्याविरुद्ध नव्हता; देवाने स्वतःला दिले या घटनेपासून तोडलेल्या देण्याविरुद्ध होता. पौलच करिंथकरांस दान मागताना हा दुवा जोडतो : ख्रिस्त धनवान असता तुमच्याकरिता दरिद्री झाला. यरुशलेमेतल्या गरीब मंडळीसाठी वर्गणी गोळा करायची होती, आणि त्यासाठी त्याने देहधारणाचा सिद्धान्त पुढे केला. सिद्धान्त आणि पैसे एकाच परिच्छेदात.

---

सारंगी

माझ्या दोन्ही प्रश्नांची उत्तरे मिळाली. पहिले पटले, दुसऱ्याबद्दल अजून विचार करते आहे. एक व्यावहारिक विचारणा : ज्याला हे सारे मुळातून वाचायचे आहे त्याने कोठून सुरुवात करावी?

---

जुनी_पोथी

कॅथलिक परंपरेत नाताळाला तीन मिस्सा (प्रभुभोजनाच्या उपासना) असतात आणि त्यांची वाचने आपल्याला आयता क्रम देतात : मध्यरात्री लूकच्या दुसऱ्या अध्यायाचा पहिला भाग, पहाटे त्यापुढचा मेंढपाळांचा भाग आणि दिवसा योहानाचा पहिला अध्याय. म्हणजे हुकूम आणि गव्हाणीपासून सुरू होऊन दिवस चढेपर्यंत वाचक 'शब्द देही झाला' येथे पोचतो. लूक वाचताना मेंढपाळांपाशी न थांबता शिमोन आणि मंदिरातली संदेष्टी हन्ना यांच्यापर्यंत जावे.

मत्तयाचा पहिला अध्याय मात्र वगळू नये, जरी त्याची सुरुवात नावांच्या लांबलचक यादीने होते आणि बहुतेक जण तेथेच पान उलटतात. बापांच्या त्या यादीत मरीयेच्या आधी चार स्त्रिया येतात : सासऱ्यापासून मुले झालेली तामार, यरीहोतली वेश्या राहाब, परक्या मवाब देशातली रूथ आणि चौथी, जिचे नाव मत्तय घेत नाही, तिला तो 'उरीयाची पत्नी' म्हणतो. दावीद राजाने तिला आपल्याकडे आणले आणि तिच्या नवऱ्याला युद्धात मारवले. मत्तयाला बथशेबा हे नाव ठाऊक नव्हते असे मला वाटत नाही; मारल्या गेलेल्या नवऱ्याचे नाव त्याला मशीहाच्या, म्हणजे वाट पाहिलेल्या तारणाऱ्याच्या, वंशावळीत नोंदवून ठेवायचे होते.